उरलेले नऊ सोमवार

१३ जानेवारी २०२५, सोमवार

छत्तीस किलो दोनशे. मागच्या महिन्यात सदतीस होतं! सरकारी दवाखान्याची आशा सेविका चतुराबाई काट्याकडे बघून म्हणाली, "मास्तरीणबाई, जेवता का नुसतं ताटाकडे पाहता?" मी हसले. आज उपास आहे हे सांगितलं नाही.

साध्या गोळ्यांना दाद न देणारा टीबी आहे म्हणे माझा. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, माझ्यापुढे कुणाचं चाललं नाही. हा तेवढा हट्टी निघाला.

१६ जानेवारी

गच्चीवरच्या खोलीत महिना झाला. मुलाची, केदारची, वकिली अकोल्याला. तो आणि नात अबोली सध्या तिथेच, तिच्या आजोळी राहतात. सून जुईली माझ्यासाठी इथे, अमरावतीत मागे राहिली. राहिली म्हणजे राहावं लागलं, असं मला वाटतं. जिन्यावर ताट ठेवते, दार वाजवते. मी दार उघडेपर्यंत खाली गेलेलीही असते. विटाळशीसारखं! तिला लग्नानंतर दर महिन्याला मीच बाजूला बसवत होते. चला, फिटंफाट.

बेडक्याचा रिपोर्ट लागोपाठ दोनदा स्वच्छ आला की नातीला आणा, असं डॉक्टर म्हणालेत. २ मेला अबोलीला सहा वर्षं पूर्ण होतील. तेवढंच मागणं आहे.

२० जानेवारी, सोमवार

तिसरा. सोळा सोमवार धरलेत, कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी एकदाच खायचं. गुरुवार, चतुर्थी, एकादशी तर आईच्या वेळेपासूनच आहेत. सकाळचं वरण-भात, मटकीची उसळ— गच्चीच्या कठड्यावरून खालच्या बोळात, गायीला. तिला वेळ पाठ झाली आहे. गोळ्या मात्र चुकवत नाही. रिकाम्या पोटी घेतल्या की दिवसभर मळमळतं. देवाच्या कामात थोडा त्रास व्हायचाच.

२८ जानेवारी

दिवसभर कुणाशी एक शब्द नाही. स्वतःशीच पाढे म्हटले. एकोणतीसचा अजून येतो!

३ फेब्रुवारी, सोमवार

ताटात अंडं! उकडलेलं, वर तिखटमीठ घातलेलं! माझ्या ताटात, सोमवारी! जिन्यावरून ओरडले— "हे तुझ्या माहेरी चालत असेल!" तिथेही चालत नाही, मला ठाऊक आहे. तिचे वडील भगवंतराव याज्ञिकी करतात. खालून एवढंच आलं, "डॉक्टरांनी लिहून दिलंय आई." मग दार लागलं.

मागाहून वाईट वाटलं. ती काही हौसेनं नव्हती उकडत. कुठल्या भांड्यात उकडलं असेल?

१७ फेब्रुवारी, सोमवार

पकडले गेले! चतुराबाई बोळातून येत होती, वरून भात पडला तो तिच्या पुढ्यातच. वजन केलं. पस्तीस. बेडक्यात जंतू अजून आहेतच.

"मास्तरीणबाई, देव काय तुमचं वजन करून राह्यला का? मले करा लागते! एवढ्या दमदार गोळ्या, त्यायले पोटात बसाले काही पाहिजे का नाही?" मी म्हटलं, उपास आहे. "कावून? बरं व्हासाठी उपाशी राह्यता? गाय बरी होऊन राह्यली तिकडं!"

जाताना जुईलीलाही दरडावून गेली. "घरच्यायनंबी चांगलं खा लागते बरं. ज्याचं पोट रिकामं, त्याच्याकडं हा पाहुना आधी जाते." घरच्यांच्या छातीचे फोटो डिसेंबरातच स्वच्छ आले होते. त्यामुळे तिकडे मी लक्ष दिलं नाही. मला माझंच पडलेलं.

२२ फेब्रुवारी

रडले. खोटं सांगणार नाही, घाबरले आहे. संकल्प अबोलीच्या नावानं सोडला होता. मोडला आणि तिलाच काही झालं तर?

जुईली ताट ठेवून आज गेली नाही. दाराबाहेर बसून राहिली. मी दाराआडून सगळं सांगून टाकलं. मग म्हणाली, "तुम्ही खा आई. उरलेल्या नऊ सोमवारांचं मी बघते. गुरुवार, चतुर्थीचंही." वडिलांना विचारणार असेल. याज्ञिक माणूस, शास्त्रात काहीतरी तोडगा सापडेलच.

२४ फेब्रुवारी, सोमवार

अंडं खाल्लं. नाक दाबून, भिंतीकडे तोंड करून. तसं वाईट नसतं!

९ मार्च

अबोलीचा फोन. "आजी, तू अजून वरच?" वरच गं बाई. पुढे तिला कुणी खेळायला हाक मारली, फोन तसाच पलंगावर राहिला. दहा मिनिटं मी त्यांच्या घरातले आवाज ऐकत बसले. भांडी, पंखा, कुणीतरी हसलेलं. ठेववेना.

१७ मार्च, सोमवार

सदतीस किलो आठशे! दोन अंडी, दूध, शेंगदाण्याचा लाडू, मोर्शीची संत्री. मळमळ कमी. पायांना मुंग्या येतात, त्या गोळ्यांच्या. बेडका स्वच्छ, पहिल्यांदा! गाय मात्र रुसली आहे.

३१ मार्च, सोमवार

जुईली खाली अंगणात कपडे वाळत घालत होती. ड्रेस अंगावर पिशवीसारखा. हल्ली ढगळच घालतात म्हणे.

तिला हाक मारावीशी वाटली. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून नाही मारली. बारा वर्षं एका घरात काढली, आणि बोलायला विषय नाही आमच्याकडे.

१४ एप्रिल, सोमवार

पत्रे तापलेत, डोकं भणभणतंय. दुपारभर खालून खोकल्याचा आवाज. फोडणीचा ठसका असणार.

२६ एप्रिल

दुसराही रिपोर्ट स्वच्छ! चाळीस किलो शंभर! चतुराबाईनं काट्यावरच माझा हात धरला. केदार शुक्रवारी अबोलीला घेऊन येतो म्हणाला. परवा खाली उतरायचं. नव्या नवरीसारखी धाकधूक होते आहे, या वयात!

२८ एप्रिल, सोमवार

उतरले. घरात तुपात भाजलेल्या कणकेचा वास. देवासमोर जुईली, पुढे चूर्म्याचे तीन भाग. मला आधी कळेचना. म्हटलं, काय गं हे?

"उद्यापन. नऊ झाले आई."

भगवंतरावांना विचारलंच नव्हतं तिनं. माझे सोमवार तिनं केले. गुरुवार, चतुर्थ्या, एकादश्यासुद्धा. मी वर अंडी खात होते आणि ही खाली माझे उपास करत होती! मी म्हटलं, अगं वेडे, कुणी सांगितलं होतं? तर म्हणे, "तुमच्या मनाला लागून राहिलं असतं. मग अन्न अंगी लागलं नसतं."

आणि खोकली. पदर तोंडाशी धरून, मान वळवून. तो खोकला मला कुणी ओळखून द्यायला नको. हाताला धरून काट्यावर उभी केली. पंचेचाळीस. डिसेंबरात एक्कावन्न होती.

"महिन्यापासून आहे," म्हणाली. "उन्हाचा असेल."

चतुराबाईचं बोलणं मी ऐकलं होतं. कानांनी ऐकलं होतं!

२ मे

अबोली आली नाही. फोनवरच सहा वर्षांची झाली.

जुईलीचा रिपोर्ट काल आला. ती आता गच्चीवरच्या खोलीत. सकाळी दोन अंडी उकडली, माझ्या हातानं, आमच्याच ओट्यावर. मास्क लावला, ताट जिन्यावर ठेवलं, दार वाजवलं. खाली गेले नाही. पायरीवर बसले. म्हटलं, जुई, मी इथेच आहे. खा.