नवारीची लाइन

मोशी
१४ सप्टेंबर २०२५

ती. जयमालाआत्यास,
रविराजचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं तीन आठवडे टाळलं, हे आधीच कबूल करतो. कारण काही नाही. कागद होता, पेन होतं, पाकिटांवर तर तू जातानाच पत्ता घालून ठेवला होतास. पण एका जागी बसून लिहायचं म्हटलं की माझ्या पायांना मुंग्या येतात. आणि फोन कुठं करू? वेल्ह्याकडच्या तुमच्या गावात देवळाची टेकडी चढल्याशिवाय रेंज येत नाही, आणि इंदुआत्याला प्लास्टरमध्ये एकटी टाकून तू काही टेकडी चढणार नाहीस. शिवाय तूच म्हणालीस, फोनवर मी नुसता हो-हो करतो, कागदावर मला खोटं बोलता येत नाही. इंदुआत्याचा पाय कसा आहे ते कळव.

तर तू माझ्यावर सोपवून गेलेली बालवाडी. अकराच्या अकरा पोरं येतायत आणि मी पार वैतागलोय. तुझी यादी भिंतीला चिकटवली आहे. मुलांना रोजच्या खेळातून यंत्रांची ओळख करून द्यावी, हातात मोबाइल-टॅबचा पडदा देऊ नये. बॅटरीत सेल घालू द्यावेत, सायकल उलटी करून पायडल फिरवू द्यावं, कप्पीवरून डबा वर ओढू द्यावा. वाचायला झकास आहे. करायला बसलं की कळतं. सेल दिले की एक जण चाटून बघतो, मदतीला असलेल्या रुक्मिणीबाई तो त्याच्या तोंडातून काढेपर्यंत दुसऱ्यानं कप्पीची दोरी तिसऱ्याच्या कमरेला बांधलेली असते. परवा मी गोष्ट सांगत होतो, तर साडेतीन वर्षांच्या प्रज्वलनं माझ्या नाकावर बोट दाबून धरलं. काय करतोस विचारलं, तर म्हणाला गोष्ट पुढं ढकलतोय, मोबाइलसारखी.

आणि पालक. समोरच्या सोसायटीचे चेअरमन सलिलसाहेब, म्हणजे आपल्या सुखदाचे वडील, चाकणच्या कंपनीत सरकत्या पट्ट्याची लाइन सांभाळतात ते. ते टॅब घेऊन आले. त्यात सफरचंदाला बोट लावलं की ते इंग्रजीत बोलतं. मी सांगितलं, आत्यानं नको म्हटलंय. त्यावर म्हणाले, आमच्याकडे रोबो वेल्डिंग करतो आणि तुम्ही पोरांना कप्पी देता? मग माझं शिक्षण विचारलं. आयटीआय अर्धं सोडलं म्हणालो. ते हसून म्हणाले, मग अर्धीच मुलं सांभाळा. आत्या, तो माणूस थट्टा करत नव्हता. अकरातली आठ पोरं त्याच्या सोसायटीतून, त्याच्या शब्दावर येतात. तो फिरला की तुझी एकोणीस वर्षांची बालवाडी माझ्या हातात मोडणार, हे मला तेव्हाच दिसलं.

मग रागानं मी चिखलीकडं एका भंगारवाल्याकडं गेलो. (तिथल्या टपरीवर मिसळ अशी होती की काय सांगू, पण ते राहू दे.) कंपनीतून निघालेली दोन बटणं मिळाली, एक हिरवं, एक लाल, लाल म्हणजे भूछत्रासारखं मोठं. तुझ्या जुन्या खाटेची नवार काढून ती पट्ट्यासारखी दोन लाटण्यांवरून फिरवली, कडेला हँडल लावलं. हिरवं दाबलं की सेलवरचा दिवा लागतो, हँडल फिरवायचं, नवारीवरून कांदे-बटाटे पुढं सरकतात. कुणाचा हात, केस, फ्रॉक लाटण्याजवळ गेला, तर ज्याला दिसेल त्यानं लाल दाबायचं. दिवा विझतो, सगळे जागच्या जागी पुतळे. दाबणाऱ्याला टाळ्या आणि तो त्या दिवसाचा साहेब.

आता पोरं साहेब व्हायला म्हणून दर मिनिटाला लाल दाबतात आणि एक कांदा दुसऱ्या टोकाला पोचत नाही. फक्त सुखदा तसं करत नाही. ती कमरेवर हात ठेवून लाटण्याकडं बघत उभी असते, आणि उगाच दाबणाऱ्याला असं बोलते की मलाच लाज वाटते. चार वर्षांची आहे. बापावर गेलीय.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
रविराज


रानातलं घर, वेल्हे
१९ सप्टेंबर २०२५

चि. रविराज यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तीन आठवडे टाळलंस आणि मग चार पानं भरलीस, त्यातलं अर्धं पान मिसळीचं असतं तर मला नवल वाटलं नसतं. इंदूताईचं प्लास्टर दिवाळीच्या आधी निघत नाही असं डॉक्टर म्हणाले. ती पलंगावरून मला स्वयंपाक शिकवते. बासष्टाव्या वर्षी मी भाकरी थापायला शिकतेय असं तिला वाटतं. मीही वैतागले आहे, तेव्हा तुझं वैतागणं माझ्यापुढं फार मांडू नकोस.

माझी खाट विचारल्याशिवाय उसवलीस. पण खेळ चांगला केलास. यंत्र चालतं कसं हे दाखवणारे पुष्कळ असतात, थांबतं कसं हे पोराच्या हातात कुणी देत नाही. एकच पटलं नाही. लाल दाबणाऱ्याला टाळ्या कशाला? साहेबपण कशाला? दाबावं लागलं म्हणून दाबलं, संपलं. पोरं टाळ्यांसाठी दाबतात हे तूच लिहिलंस, आणि तरी चालू ठेवलंस. उद्यापासून टाळ्या बंद कर.

सलिलशी वाद घालू नकोस. तो वाईट नाही, त्याला घाई आहे. टॅब कपाटात राहू दे.

रुक्मिणीबाईंना नमस्कार सांग. इथून जीव तिकडंच लागलाय, एवढं ध्यानात असू दे.

तुझी,
जयमालाआत्या


मोशी
४ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

टाळ्या मी बंद केल्या नाहीत. तुझं पत्र वाचलं, उद्यापासून करू म्हटलं, मग नवरात्र आलं, पोरं खुशीत होती. एवढं आधी लिहून टाकतो, कारण पुढचं त्यामुळंच झालं.

खंडेनवमीला चाकणला घरच्यांना कंपनी दाखवतात, तुला माहीत आहे. यंत्रांची पूजा, झेंडूच्या माळा, नारळ फुटला की लाइन मुहूर्ताची एक चक्कर फिरवतात, मग पेढे. सलिलसाहेबांनी विजयश्रीवहिनींना आणि सुखदाला नेलं. वरचे मोठे साहेब आले होते, बाहेरगावचे पाहुणे आले होते. फोटो चांगले यावेत म्हणून सलिलसाहेबांनी बायकापोरांना धोक्याच्या पिवळ्या रेघेच्या आत, लाइनच्या अगदी कडेला उभं केलं. नारळ फुटला, लाइन सुरू झाली, सगळे पेढ्यांच्या ताटाकडं बघतायत. आणि सुखदानं समोरचं लाल भूछत्र दोन्ही हातांनी दाबलं.

सगळी लाइन उभी राहिली. परत सुरू व्हायला पाऊण तास गेला, कारण तिकडं आपल्यासारखं नुसतं हँडल फिरवून होत नाही, सगळं तपासून, बटणाचं कुलूप काढून सुरू करावं लागतं. मोठे साहेब पेढा न घेता गेले. सुखदा म्हणत होती, काकूचा पदर, काकूचा पदर. लोकांनी पाहिलं, कुणाचा पदर कुठं अडकलेला नव्हता. बायका सगळ्या रेघेच्या बाहेर झाल्या होत्या.

हे मला विजयश्रीवहिनींनी सोसायटीच्या गेटवर उभ्या-उभ्या सांगितलं. बटण दाबल्यावर सुखदा पुतळ्यासारखी उभी राहिली म्हणे. हलली नाही. टाळ्यांची वाट बघत होती. कुणी वाजवल्या नाहीत, आणि बापानं दंडाला धरून बाहेर नेलं.

तेव्हापासून आत्या, मला जेवण जात नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आठ पोरं आली नाहीत. आजही नाहीत. प्रज्वल, आणि जुन्या गावातली दोघं, बास. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलंय म्हणे, की मोशीत भंगारातली बटणं देऊन मुलांना बिघडवतात. रुक्मिणीबाई म्हणतात, पोरगी खोटं बोलायची न्हाई, तिला काय दिसलं ते इचारा की. पण विचारू कुठं? दार बंद आहे. नवार मी गुंडाळून माळ्यावर टाकली.

हुबळीहून फोन आला होता, पिकअपला ड्रायव्हर हवाय. मी अजून काही बोललो नाही. काय करू ते कळव, पण लवकर कळव. माझा स्वतःवर भरवसा नाही, हे तुला नवीन नाही.

जमलं तर लोभ ठेव.

रविराज


वेल्हे
८ ऑक्टोबर २०२५

चि. रविराज यास,
आशीर्वाद.

चूक तुझी आहे, हे तू लिहिलंस, तेव्हा मी ते परत लिहीत नाही. पण सगळी तुझी नाही. तुझ्याच पत्रात आहे, नीट वाच. बायकापोरांना रेघेच्या आत कुणी आणलं? ज्यानं आणलं, त्याला पदर दिसणं परवडणारं नव्हतं. दिसला असता तर पोर शहाणी ठरली असती आणि बाप अडकला असता. मी सलिलला वाईट म्हणत नाही. नोकरी आहे, मोठे साहेब समोर होते. पण त्यानं पोरीला वेडं ठरवून स्वतःला सोडवलं, आणि हे त्याला कळतही असेल.

आणि पोरीचा विचार कर. चार वर्षांचं पोर, तिचे डोळे त्या पट्ट्याच्या उंचीला. मोठी माणसं ताटाकडं बघत होती. तिला दिसलं म्हणून दाबलं, की टाळ्यांसाठी दाबलं, हे आता तिचं तिलाही उमगणार नाही. टाळ्या नसत्या तर ही शंका आलीच नसती. म्हणून सांगत होते.

बालवाडी बंद करायची तर मी करीन, तू नाही. हुबळीला जायचं तर जा, कुलूप लावून किल्ली रुक्मिणीबाईंकडे दे. पण आधी सलिलकडे जा. फोनवर नाही, ग्रुपवर नाही, घरी जा. माफी माग. वाद जिंकायला जाऊ नकोस.

इंदूताई म्हणते, रव्याला हाणायला पाहिजे. मी म्हटलं, त्याची गरज नाही, तो आधीच जेवत नाही. जेव.

माझा जीव तुझ्यात आहे, एवढं विसरलास तरी चालेल, तो राहील.

आत्या


मोशी
१३ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल रविवारी गेलो. दोनदा सोसायटीच्या गेटवरून परत फिरलो, एकदा तर निगडीच्या बसमध्ये चढून पुढच्या स्टॉपला उतरलो, पण गेलो.

सलिलसाहेबांनी पाणी दिलं, बसा म्हटलं नाही. मी उभ्यानंच माफी मागितली. टाळ्यांचं सांगितलं, तू बंद करायला सांगितलेलं सांगितलं, मी केलं नाही तेही सांगितलं. पदराचं आणि रेघेचं काही बोललो नाही. मग ते एकच वाक्य बोलले: "माझी पोरगी आता घरातला पंखा बंद करायलासुद्धा मला विचारते."

मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, आपण वैतागून निघून तरी आलो असतो.

सुखदा आतल्या दारात उभी होती. तिनं मला विचारलं, दादा, मी चुकले का? बाप माझ्याकडं बघत होता. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, मी तिथं नव्हतो गं. आत्या, कसला माणूस आहे मी. अख्ख्या हिंदुस्थानात फिरलो, नको तिथं होतो, आणि हवं तिथं नव्हतो. तिनं मान हलवली आणि आत गेली.

हुबळीला नाही म्हणून कळवलं. मोठेपणा नाही, तीन पोरं अजून येतायत आणि प्रज्वलला कप्पीची गाठ मारायला मीच लागतो. नवार खाली काढली, परत लावली, टाळ्या बंद आहेत. तिघांना लाइन चालवायला माणसं कमी पडतात, म्हणून एका टोकाला रुक्मिणीबाई कांदे ठेवतात आणि दुसऱ्या टोकाला मी उचलतो. तू येशील तेव्हा किती पोरं असतील, मला सांगता येत नाही. दार उघडं असेल, एवढंच सांगतो.

इंदुआत्याला म्हणावं, हाणायला ये.

आहे तसा पदरात घे.

तुझा,
रविराज

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात दारात एक बाई आली. कडेवर दोन वर्षांचं पोर, मी कधी पाहिली नव्हती. पूनम नाव, चाकणहून दोन बस बदलून आलीय. नवरा त्याच कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. म्हणते, त्या दिवशी पट्ट्यानं वीतभर पदर ओढला होता. लाइन थांबली तसा तिनं उपसून घेतला आणि काळा झालेला काठ आत खोचून मागं सरकली. साहेबांची लाइन बंद पडलेली, नवऱ्यानं डोळ्यांनी गप्प केलं, म्हणून बोलली नाही. साहेबांची मुलगी इथं यायची हे तिला काल कळलं. मी विचारलं, सलिलसाहेबांना सांगाल का? तिनं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "साहेबांना न्हाई. पोरीला सांगते. बाप तिथं उभा असला, तर असू दे." मी चप्पल घालतोय.