आईच्या वाटचं

प्रिय दादा,

फोनवरचं आपलं बोलणं म्हणजे निम्मं वाऱ्याचं आणि निम्मं आपलं. तुझ्या त्या पुलाच्या कामावर रेंज मिळवायला तू खांबावर चढतोस की काय, कोण जाणे! इकडे मी एका हाताने भाजी तोलत, मानेत फोन दाबून ‘हो, हो, बरं आहे’ म्हणते, आणि तेवढ्यात फोन तुटतो. म्हणून आज दुकान लवकर बंद करून लिहायला बसलेय. उद्या तुमच्याकडे सिमेंट घेऊन ट्रक निघतोय, त्याच्या ड्रायव्हरच्या हाती हे पत्र देईन. परवा तुला मिळेल.

इकडे थंडी पडली. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. दाराशी लाल भोपळे रचलेत, एकेक असा की उचलताना कंबर बोलते. गाजरं आलीत पाल्यासकट, रताळी मातीसकट, बीट, मुळे, नवलकोल, आणि पालक इतका कोवळा की हात लावला तर तुटतो. मटार अजून महाग आहे, पण सोलता सोलता निम्मा माझ्याच तोंडात जातो. सफरचंदांच्या पेट्या मी गाजरांपासून लांब ठेवल्यात. शेजारी ठेवली की गाजरं कडू होतात, हे आईने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू तिला वेड्यात काढलं होतंस. मग मुद्दाम दोन्ही एका टोपलीत ठेवलीस आणि महिन्याभराने स्वतःच गाजर चावून तोंड वाकडं केलंस. ती टोपलीभर कडू गाजरं तिने आपल्या दोघांना संपवायला लावली होती. मी काय पाप केलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

आईची खुर्ची मी गल्ल्यामागून हलवलेली नाही. गिऱ्हाइकं आली की आधी खुर्चीकडे बघतात, मग भाजीकडे. शिंपीकाका तर रोज विचारतात. एकटा माणूस, वर्षानुवर्षं कांदे, बटाटे आणि अंडी यांवर काढली त्यांनी. एका हिवाळ्यात आईने त्यांना बटाटे द्यायचंच बंद केलं. आधी पालक घ्या, मग बटाटे. ते रागावून पलीकडच्या दुकानात जायला लागले आणि थोड्याच दिवसांत परत आले, कारण तिथे त्यांच्यावर कोणी ओरडत नव्हतं. काल मला म्हणाले, आईला सांगा, पालक चालू आहे. घरी आल्यावर मी तिला सांगितलं. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, म्हणजे ऐकलं असावं.

थंडीत पोटात नीट गेलं की वर्ष निभावतं, असं ती प्रत्येकाला ऐकवायची. आपल्या ताटात मात्र कायम डागाळलेला माल. चांगलं गिऱ्हाइकाला, कापून उरलेलं घराला. पण ते उरलेलंही ती असं काही करायची की शेजारची मुलं आपल्याकडे जेवायला टपलेली असत. आणि ताटात टाकायचं नाही म्हणजे नाही. तू बिटावर रुसून बसायचास, आणि तू खात नाहीस तोवर तीही न जेवता समोर बसून राहायची. शेवटी तू तिच्यासाठी खायचास, बिटासाठी नाही. आता ती पडून आहे आणि तू लांब आहेस, तेव्हा रोज संध्याकाळी तू एकच प्रश्न विचारतोस, आज काय खाल्लं तिने? तुझा दुसरा कुठला प्रश्न मला आठवत नाही, आणि मी त्याबद्दल तुला दोष देत नाही. आपल्या घरात माया विचारायची हीच रीत आहे.

पण दादा, तू नीट आठवून बघ, मी काय उत्तर देत होते. आज भोपळ्याचं सूप केलं. आज रताळं उकडून दुधात कुस्करलं. आज गाजर आणि मटार अगदी मऊ शिजवून गाळून घेतले. मी काय शिजवलं, तेच सांगत होते. तिने काय खाल्लं, ते मी कधी सांगितलंच नाही, आणि तू खूश होऊन ‘वा, भोपळा बरा तिला’ म्हणायचास. तुझा तो आवाज ऐकला की पुढचं तोंडातून निघायचं नाही.

ती खात नाही, दादा. अर्धांगाच्या दुसऱ्या झटक्यानंतर आधी निम्मी वाटी जायची, मग चार चमचे, मग चमच्याच्या टोकावरचं. आता ओठही उघडत नाही. आणि शिजवलेलं टाकायला माझा हात धजत नाही, तिनेच तशी सवय लावलीय. म्हणून तिच्या वाटचं मी खायची. मोरीपाशी उभी राहून, थंडगार झालेलं, रोज. तिच्या खोलीतून यायची, वाटी संपवायची, वाटी घासायची. कपडे घट्ट झालेत माझे. गिऱ्हाइकं म्हणतात, यंदा थंडी मानवली तुम्हाला. शिंपीकाकांकडे ब्लाउज उसवायला टाकलेत, त्यांनी माप घेताना काही विचारलं नाही, तेव्हा मला तिथेच रडू आलं.

एका सकाळी माझा संयम सुटला. सफरचंद किसून, शिजवून, गाळून नेलं होतं. तिला सफरचंद आवडायचं, तुला माहीत आहे. तिने तोंड फिरवलं. मी तिची हनुवटी धरली आणि चमचा ओठांत दाबला. दाबलाच. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी मी थांबले नाही, मी तिच्यावर ओरडले. मग तिने तो बरा असलेला हात उचलला. मला वाटलं, आता मारते. तिने माझ्या हातातला चमचा धरला, वळवला आणि माझ्या तोंडाशी आणला. ‘तू खा,’ म्हणाली. स्पष्ट म्हणाली. मी खाल्लं. तिने माझा गाल पुसला, गालावर काही सांडलेलं नव्हतं तरी. त्यानंतर ती काही बोललेली नाही.

डॉक्टरीणबाई घरी येऊन तपासून गेल्या. त्या म्हणाल्या, शरीर आता आवरायला लागलंय, त्याला अन्न नको असतं, दिलं तर त्रासच होतो. भुकेचे हाल होत नाहीयेत, असंही त्यांनी मला दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं. नाकातून नळी घालता येईल, पण आई ती उपटून काढतील, मग त्यांचे हात बांधावे लागतील. तू मागच्या फोनवर म्हणालास ना, कधी खायची बंद झालीच तर नळी घालायला सांग, मी हो म्हणतोय असं सांग. दादा, ती हॉस्पिटलात होती तेव्हा शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या, नाकात नळी आणि दोन्ही मनगटं पट्टीने खाटेला बांधलेली. आई दिवसभर त्यांच्याकडे बघत असायची. रात्री मला म्हणाली होती, त्या बाईची बोटं जरा चोळून दे, गार पडली असतील. मी चोळून दिली होती. बर्फासारखी होती.

मी डॉक्टरीणबाईंना नाही म्हणून सांगितलं. सोमवारीच सांगितलं, तुला न विचारता. तू पुन्हा नळीच घाल म्हणाला असतास तर मला ते मोडता आलं नसतं, म्हणून विचारलं नाही. आता मी काही शिजवत नाही तिच्यासाठी. फक्त ओल्या कापसाने ओठ ओले करते, केस विंचरते, पाय शेकते. फार दिवस नाहीत, असं म्हणतात. तोच ट्रक रिकामा होऊन परत निघेल, त्यात बस आणि ये. तिच्यासाठी शक्तीच्या पावडरीचे डबे आणू नकोस, काहीच आणू नकोस. लोक यायला लागलेत, आणि खाली जिन्यात बोलतात ते मला ऐकू येतं, की भाजीच्या दुकानाची मालकीण आणि घरात आई उपाशी. त्यांचं मी मनावर घेत नाही. पण रात्री तिच्या शेजारी आडवी झाले की माझंच मन मला तेच विचारतं, आणि उत्तर द्यायला इथे दुसरं कोणी नाही. तू तिचा मुलगा आहेस, तूच देऊ शकतोस. आलास की आधी मला दारातच सांग, की मी आईला उपाशी मारत नाहीये. एवढं म्हण, आणि मग तिच्याकडे आत जा.

तुझीच,
ठकी