सपाट गाठ

सोमवार, ३ नोव्हेंबर २००३

मुक्ताई अभय रणपिसे, आज मी नव्या नोकरीवर रुजू झालो. तू गेल्यापासून प्रथमच इस्त्रीचा सदरा घातला. हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत कर्मचाऱ्यांना प्रथमोपचार शिकवायचे आहेत. दुसऱ्या मजल्यावरचे दालन प्रशस्त आहे. खिडक्यांतून भरपूर ऊन येते. कपाटात मांजरपाटाच्या चाळीस त्रिकोणी पट्ट्या घडी करून ठेवल्या आहेत. सोबतीला सुशीलाबाई आहेत, अस्थिरोग विभागातून निवृत्त झालेल्या परिचारिका. हाताची झोळी बांधताना त्रिकोणाचे टोक कोपराकडे, पंजा किंचित वर, आणि गाठ मानेच्या मणक्यावर न येता हासळीच्या हाडावरच्या खळग्यात, सपाट, हे मी वर्गाला दोनदा करून दाखवले. सुशीलाबाई म्हणाल्या, गाठ सुटली तर पुन्हा बांधता येते साहेब, पेशंट हातून सुटला की संपलं. वर्ग हसला. मीही हसलो.

ही नोकरी मिळाली कशी, ते लिहिताना संकोच वाटतो. तुझ्या हाताची झोळी पाहून इस्पितळातील डॉक्टरांनीच माझे नाव सुचवले.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

जोड्यांचा सराव. राजनंदिनी नावाची तरुणी रुग्ण झाली होती. मी गाठ मारत असता ती हळूच म्हणाली, अहो, पोटात कसंतरी होतंय. मी बजावले की आजचा धडा हाताचा आहे. ती गोंधळली. म्हणाली, सर, मी कुठे काय बोलले?

येथे मला सगळे ‘सर’ किंवा ‘साहेब’ म्हणतात. ‘अहो’ म्हणणारे माणूस एकच होते.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सकाळी कपाट उघडले. सर्वांत वरची पट्टी घडी मोडून झोळीसारखी बांधलेली. गाठ माझ्या हातची. कोपराची जागा फुगलेली, आत हात असावा तशी. सोडवली. कापड उबदार होते.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज तशा सात. सुशीलाबाईंना दाखवल्या, त्यांना नुसत्या घड्या दिसल्या. त्यांनी विचारले, घरी कोण असतं तुमच्या? मी आपल्या लेकीचे, मैत्रीचे, नाव सांगितले. ती बुधवारी वर्ग पाहायला येणार आहे. तिला खरे सांगायचे, एवढे एकच आता माझ्या हाती उरले आहे.

सोमवार, १० नोव्हेंबर

निदान येथे लिहितो. वाकडच्या वळणावर स्कूटर घसरली. तुझा हात मोडला. अहो, हात राहू द्या, पोटात कसंतरी होतंय, असे तू तीनदा म्हणालीस. मी म्हणालो, गप्प बस, हलू नकोस. माणसे जमली होती. पहिली गाठ वेडीवाकडी बसली. ती कोणी पाहिली असेल, या लाजेने मी ती सोडली आणि पुन्हा बांधली. टोके आत खोचली. रिक्षावाला खोळंबला होता. पोटातल्या रक्तस्रावाने तू वाटेतच —

मैत्रीला मी सांगितले की आई काहीच बोलली नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मैत्री आली. वर्गाने तिलाच रुग्ण केले. झोळी घातली. ती मला बाबा म्हणते. तिच्या तोंडून — अहो, पोटात — आवाज तुझा.

हीच वेळ होती. पण सगळे पाहत होते. गाठ सपाट बसली नव्हती. सोडली. पुन्हा बांधली. टाळ्या झाल्या.

मैत्री पाचच्या बसने गेली. सांगितले नाही.

दालनाला कुलूप लावले. पहारेकरी दशरथ म्हणाला, सायेब, आत बाई हाय की. हात झोळीत घालून, पोट धरून बसलीया. मी त्याला बजावले की आत कोणीही नाही.

दार कुलूपबंद आहे. किल्ल्या परत केल्याची नोंद त्याच्या वहीत सहीनिशी झाली आहे. आता त्या पुन्हा मागायच्या, तर कारण सांगावे लागेल.