भिंगरीचे चार राजीनामे

४ मार्च, सोमवार
लागली! भिंगरीला नोकरी लागली! परत! ही पाचवी खेप, पण मला आनंद पहिल्या खेपेइतकाच. नात आहे माझी, होणारच. शेजारणीला (मी तिला रेडिओच म्हणते) सांगायला गेले तर लगेच सुरू — "अहो आजी, तोच कारखाना, तेच मोजे, तोच मुकादम. मग नवी नोकरी कसली?" म्हटलं, ओळखपत्र नवं आहे की! फोटोसुद्धा नवा. यात पोर हसलीय, मागच्यात चोर पकडल्यासारखी दिसायची.
रेडिओची सून पण तिथंच मोजे जोडते. तिचीही परत लागली. मग ही बाई एवढं तोंड वाकडं का करते, कोण जाणे.

५ मार्च, मंगळवार
भिंगरीचा खण आवरला. पाचही ओळखपत्रं ओळीनं मांडली. खाली एक खाडाखोड केलेला कच्चा कागद. अक्षर भिंगरीचं. माझी शाळा दुसरीपर्यंतच, त्यातही अर्धा वेळ धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसलेली, म्हणून वाचायला वेळ लागतो. पण एकदा धरलेलं अक्षर मी सोडत नाही. लावत लावत वाचलं — "माझी आजी वारल्यामुळे मी स्वखुशीने नोकरी सोडत आहे."
मी वारले! गेल्या सप्टेंबरात! आणि मलाच कुणी सांगितलं नाही!
हसून हसून पोटात कळ आली. संध्याकाळी पोर आल्याबरोबर विचारलं, "काय गं, मला पोचवायला माणसं किती होती?" हसली नाही. म्हणाली, "ठेव तो कागद, आजी." आणि पाठ फिरवून बसली.

७ मार्च, गुरुवार
काढून घेतलं शेवटी तिच्याकडून. आधी रागावली, मग रडली, मग बोलली.
तीन महिने भरत आले की मुकादम कोरा कागद पुढं सरकवतो. प्रत्येकीनं आपल्या हातानं लिहायचं, स्वखुशीनं सोडते म्हणून. एक दिवस घरी बसायचं. दुसऱ्या दिवशी ती नवी! नवीला रजा नाही, आजारपण नाही, बाळंतपणाचं तर नावच नको. तीन महिन्यांच्या वर ठेवली तर कायम करावी लागते ना, म्हणून हा सगळा खटाटोप. आणि सगळ्यांची कारणं सारखी असून चालत नाहीत, वरच्यांना शंका येते. मग कारणंही तोच देतो — तुझं लग्न ठरलं, तुझा पाय मोडला, तुझी आजी गेली. पत्ते पिसून वाटावेत तशी मरणं वाटतो मेला! शी! किळस आली मला.
मी एकतीस वर्षं दवाखान्याच्या चादरी धुतल्या. रक्ताच्या, पुवाच्या, नको नको त्या. त्यांची किळस कधी आली नाही. साबण लावला की जायचं. मी अडाणी, पण मला नेमणुकीचं पत्र होतं. भिंगरीची आई जन्मली तेव्हा तीन महिने घरी होते, पगारी! आणि ही कॉलेज शिकलेली, पदवीचा फोटो भिंतीवर, आणि चार राजीनामे!

११ मार्च, सोमवार
पोरीला लघवीला जळजळ. दिवसभर पाणी पीत नाही. संडासला जायचं तर मुकादमाला विचारावं लागतं, आणि तो घड्याळ बघत उभा राहतो. घड्याळ! थू!

१४ मार्च, गुरुवार
तो स्वतः आला घरी. मुकादम. डोक्याला तेल, त्याहून जास्त जिभेला.
"आजी, सरकारी बाई येणारेत. चांगल्या नोकऱ्या किती दिल्या ते तपासतात. घरच्यांना विचारतात. तुम्ही नुसतं हो म्हणायचं. सगळ्यांचं हो आलं की कारखान्याला मोठं काम मिळतंय. मग तुमची भिंगरी कायम. पत्र मी आणून देतो, माझ्या हातानं."
कायम! मी लगेच चहा टाकला त्याला.
मग दारात थांबला. "एक राहिलंच. आजी म्हणून सांगू नका. फायलीत आजी वारलीय. आत्या सांगा."
"मेल्या, पुढच्या खेपेला आत्यालाही उचलशील!"
खी खी हसला. "कायम झाली की कुणालाच उचलावं लागणार नाही."
तो गेल्यावर चहाचा कप दोनदा घासला. पण दिवसभर मनात तेच — कायम, कायम.

१९ मार्च, मंगळवार
बाई आली. बाई कसली, पोरच! भिंगरीएवढी. चपलेचा अंगठा दोऱ्यानं शिवलेला. मांडीवर कागद ठेवून विचारत होती.
नातं? — आत्या.
नेमणुकीचं पत्र? हो. आजारपणाची रजा? हो. बसायला जागा? हो. हवं तेव्हा पाणी पिता येतं, संडासला जाता येतं? इथंही मी हो म्हटलं. असे आठ हो. ती खुणा करत गेली, मी म्हणत गेले.
शेवटी म्हणाली, "बरं वाटलं हो. आमच्या यादीत हिच्या नावावर पाच नोकऱ्या लागल्यात. मला वाटलं, काही घोळ आहे की काय."
पाच! एकाच पोरीच्या पाच नोकऱ्या मोजल्या! सोडायला लावायचं, परत घ्यायचं, आणि वर मिरवायचं!
तेव्हा तरी बोलायचं होतं. मी काय बोलले? "हुशार आहे हो आमची पोर."
जाताना सहज विचारलं, "तुमची तरी नोकरी कायम का?" म्हणाली, "माझी अकरा महिन्यांची. काही सांगायचं राहिलं तर महिनाअखेरपर्यंत कचेरीत या."
ती गेल्यावर मी चूळ भरली. परत भरली. चव जाईना.

२२ मार्च, शुक्रवार
पत्र आलं!! गोल शिक्का, खाली सही, आणि "कायम" हा शब्द छापील! मी नाचले, गुडघ्यांसकट! सगळ्या जिन्यावर बिस्किटं वाटली. रेडिओनं मला मिठी मारली, "आता माझ्या सुनेचंही होईल बघा." सून लाजली. पोटुशी आहे, चौथा महिना चालू आहे तिला.

२५ मार्च, सोमवार
भिंगरी आजपासून मोज्यांवर नाही, कारखान्याच्या कचेरीत.
"काम काय गं?"
बूट काढत राहिली. एकच बूट, किती वेळ.
"काम काय?"
"राजीनामे लिहून घ्यायचे. बायकांकडून. कारणं सुचवायची."
मला वाटलं, चेष्टा करतेय.
"कोणाचा घेतलास आज?"
"शेजारच्या वहिनीचा." मग भराभर बोलली — "कारण चांगलं दिलं मी, आजी. घरचे नको म्हणतात, एवढंच. कुणाला मारलं नाही."
"परवा परत घेतील ना तिला?"
"पोट दिसायला लागलंय तिचं, म्हणून तर तीन महिने भरायच्या आधीच लिहून घेतला. नाही घेणार."
मी तिच्याकडं बघितलं. तर म्हणते, "अशी बघू नकोस. पक्की नोकरी, पक्की नोकरी — कोण म्हणत होतं रोज?"
मीच. मीच म्हणत होते. त्या तेलकटाची किळस करत बसले, आणि ही घाण माझ्याच तोंडातून निघालीय. आठ वेळा.

२६ मार्च, मंगळवार
रेडिओ बंद. भिंतीपलीकडून भांड्याचासुद्धा आवाज नाही. भिंगरी न जेवता गेली.

२८ मार्च, गुरुवार
त्या सरकारी बाईच्या कचेरीत जाऊन आले, सगळं सांगितलं. बाई म्हणाली, "असं लिहून दिलंत तर कारखान्याचं काम जाईल. कायमची पत्रंही रद्द होतील. कळतंय ना?" म्हटलं, पेन द्या. आठही हो माझ्या हातानं खोडले, प्रत्येकापुढं नाही लिहिलं, सही केली. भिंगरीला अजून सांगितलेलं नाही. जिन्यात पाऊल वाजलं, तीच आली.