पायरीखाली ठेवलेला पाय

॥ त्रिरत्नांना वंदन ॥

बट्टामबांग (कंबोडिया), १२ ऑक्टोबर १९९९

चि. सौ. सारोन हिस थोरल्या बहिणीचे अ. उ. आ. वि. वि.

तू पाठवलेले ताडगुळाचे दोन डबे, सुके मासे आणि केळीची पाने पोचली. टॅक्सीवाल्याने हमाली पाचशे रिएल सांगितली, तीनशेवर आणला. पुढच्या खेपेस दर तिथेच ठरवून देत जा.

पितरांचा पंधरवडा निर्विघ्न पार पडला. तुझ्या तापामुळे तुझी कुंथिया आली नाही, पण तिचा होणारा नवरा वुथी आला. सारोनच्या घरामागे लढाईत पुरलेले सुरुंग काढायला आलास आणि आमची मुलगीच घेऊन चाललास, असे म्हटले तर बिचारा कानापर्यंत लाजला. विहाराच्या पायरीशी त्याने एक चप्पल काढली. दुसऱ्या, रबरी पायाचा जोडा मात्र पट्ट्यांनी घट्ट बसवलेला. सगळे अनवाणी आणि हा एकटा जोड्यासकट पितरांपुढे कसा जाणार? पायच खाली काढून ठेव, असे मीच म्हटले. लगेच काढून ठेवला आणि बसत बसत पायऱ्या चढला. बायका बघत होत्या. अशी श्रद्धा हल्लीच्या पोरांत कुठे! पाय पावसात जरा भिजला, एवढेच.

तुमच्याकडच्या वाटांवरचे सुरुंग अजून पुरे निघालेले नाहीत. तेव्हा भिक्षूंचा वर्षावास संपला की लग्न माझ्याच अंगणात करू. औषध वेळेवर घे. माया आहेच, ती वाढव.

तुझी,
चांथू

*

रतनाक मोंदुल, २० ऑक्टोबर

ती. ताईस सारोनचा शि. सा. न. वि. वि.

ताप उतरला होता, तुझ्या पत्राने पुन्हा चढला.

वुथी आम्हाला काहीच बोलला नव्हता. ओल्या पट्ट्यांनी त्याचे गुडघ्याखाली सगळे सोलवटले आहे. टोळीच्या मुकादमाने बरा होईपर्यंत सुरुंगांच्या कामावर यायचे नाही म्हणून सांगितले. कसे झाले विचारले तर पाऊस म्हणायचा. काल कुंथियाने तुझे पत्र त्याच्यासमोर वाचले, तेव्हा बोलला. त्याचेच शब्द लिहिते: “आई गेली तेव्हा मी कुबड्यांवर होतो. पाय जूनमध्ये मिळाला. पितरांच्या पंधरवड्यात ती मला विहारात शोधत येणार, तर तिला मी चालताना दिसावा म्हणून गेलो होतो. तिला मी सरपटताना दिसलो.”

तुझ्यावर राग नाही म्हणतो. पण त्या अंगणात लग्नाला उभा राहणार नाही, आणि थोरल्या मावशीला डावलून दुसरीकडे लग्न करायला कुंथिया तयार नाही. ताई, लग्न अडले आहे. तू मोठी, तुला मी काय सांगावे! लोभ कमी करू नकोस.

तुझी धाकटी,
सारोन

*

॥ त्रिरत्नांना वंदन ॥

बट्टामबांग, २५ ऑक्टोबर

चि. सौ. सारोन हिस अ. आ.

तुझे पत्र वाचल्यापासून देवघरात दिवा लावते आणि मान खाली घालून परत येते. त्या दिवशी बायकांनी मला शाबासकी दिली होती. ती मी घेतली. तो पायऱ्या चढत असताना मी बायकांकडे बघत होते ग, त्याच्याकडे नाही.

विहारात जाऊन भन्तेंना नियम विचारला. ते म्हणाले, “उपासिके, तुम्ही कवळी पायरीशी काढून ठेवून येता का?” जवळच्या बायका हसल्या. मी तोंड मिटून घेतले. त्यांना मग सगळे सांगितले, तेव्हा तेही हसायचे थांबले. पितर आता पुढच्या वर्षापर्यंत यायचे नाहीत, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. त्याच्या आईला तो तसा दिसला, हे एवढे माझ्या हातून भरून निघणारे नाही.

लग्नाआधी धाकटे मोठ्यांची क्षमा मागतात. मोठ्यांनी धाकट्याची कशी मागायची, हे लग्न लावणाऱ्या आचार्यांनाही ठाऊक नाही. तरी क्षमा मागायच्या उदबत्त्या घेऊन मी तुमच्याकडे येईन आणि ज्यांच्यासमोर ते घडले त्या दोघी-तिघींना बरोबर आणीन. लग्न कुठे करायचे ते तो ठरवील. तुमच्या दारात केले तर मागे बसेन. येऊ नको म्हणाला तरी कुंथियाने माझ्यासाठी अडून राहू नये, माझी शपथ आहे तिला.

त्यालाच विचार, मी येऊ का. तुझ्या मनाने गोड करून लिहू नकोस; नाही म्हणाला तर नाहीच लिही. याच टॅक्सीवाल्याच्या हाती उलट टपाली कळव.

तुझी,
चांथू