छताला काही अडकवू नये

गुरुजी, तुमच्या शाळेत शिरताना आधी पाय पुसावे लागायचे. खाली शेणाने सारवलेली जमीन, भोवती उसाच्या पाचटाच्या भिंती, आणि दारात पाय पुसायला दुमडलेलं पोतं! "शाळा हाय ही, गोठा न्हाई," असं तुम्ही म्हणायचात, आणि समोरच्याच कोपीपुढं, म्हणजे आमच्या पाचटाच्या झोपडीपुढं, बैल रवंथ करत उभे असायचे. आम्ही पोरं पोटात हसू दाबून पाय पुसायचो. तुम्हाला जाऊन आता दहा वर्षं होत आली. आज लिहायला बसले, कारण मी एक शाळा बांधली आहे, गुरुजी, आणि ती बांधताना मी तुमच्याशी फार वाईट वागले. हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही, त्यांना त्यातलं वाईट कळायचंच नाही.

दिवाळी झाली की धारूरच्या डोंगरातून आपली टोळी ऊस तोडायला निघायची. तुमचे आईवडील टोळीत, माझेही. तुम्ही मास्तरकीची परीक्षा पास होऊन नोकरीची वाट बघत होता. सकाळी फडात मोळ्या बांधायचात आणि ऊन वर आलं की हातपाय धुऊन शाळा उघडायचात. तुमच्या शाळेचं सामान किती, तर काळा रंग दिलेली एक फळी आणि एक लोखंडी कडी. फड संपून टोळी पुढच्या गावाला हलली की फळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अंथरुणांवर आडवी पडायची आणि कडी तुमच्या खिशात. नव्या जागी कोपी उभी राहिली की तुम्ही सगळ्यात आधी आढ्याला ती कडी पक्की बांधायचात, फळा त्यानंतर. कडीला माझ्या आईच्या जुन्या लुगड्याची झोळी, झोळीत माझा सात-आठ महिन्यांचा भाऊ, आणि झोळीची दोरी तुमच्या पायाच्या अंगठ्याला. तुम्ही फळ्यावर लिहायचात, तोंडाने पाढे म्हणायचात आणि पाय आपला हलत राहायचा. बे दाहे वीस होईपर्यंत गडी झोपलेला असायचा. मग त्याला उचलून पोत्यावर ठेवायचं आणि दुसऱ्या कुणाचं तरी रडतं बाळ झोळीत घालायचं. आम्ही पाच-सहा पोरी होतो, प्रत्येकीच्या कडेवर एक. झोळी नसती तर आमच्यातली एकही शाळेत बसली नसती.

एकदा वजाबाकी ऐन रंगात आली असताना भावानं भोकाड पसरलं आणि मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. तुम्ही खडू खाली ठेवलात. "त्याला कावून मारलंस गं? त्यानं काय तुझी शाळा बुडविली? उलट त्याच्यामुळं तुला घरच्यांनी कोपीवर ठेवलं, न्हाईतर फडात असतीस." मी मान खाली घातली. "उद्या येताना दोघं या. एकटी आलीस तर आत घेणार न्हाई." तेव्हा मला राग आला होता.

पुढं तुम्हाला गावातल्या पक्क्या शाळेत नोकरी लागली, मला तुम्ही वसतिगृहात घातलंत, आणि बारावीनंतर घरांचे नकाशे काढायच्या शिक्षणाला माझा नंबर लागला. त्या दिवशी पेढे घेऊन आले तर तुम्ही माझ्या हातावर ती कडी ठेवलीत. "माझी शाळा आता हलत न्हाई. तू बांधशील एखादी हलणारी, तवा लाव." मला पेन मिळेल असं वाटलं होतं. पोरीचं तोंड पडलेलं तुम्हाला दिसलं असणार, पण तुम्ही दुसरा पेढा उचललात.

हलणाऱ्या शाळेचा पहिला नकाशा मी काढला तेव्हा तुम्ही अंथरुणाला खिळला होतात. मी तो तुमच्या उशाशी पसरला. बांबूचा सांगाडा, पाचट दाबून केलेल्या तक्त्यांच्या भिंती, काळ्या मातीचा ओलावा लागू नये म्हणून वीतभर उचललेली जमीन, छतावर सौर दिव्याची पाटी. चार माणसांनी नटबोल्ट काढले की अख्खा वर्ग एका ट्रॉलीत मावणार, आणि भिंती कुजल्या तर त्याच फडातल्या पाचटाच्या नव्या करता येणार. "लई झ्याक," म्हणालात. मग तुमचं बोट कागदावर फिरत फिरत मधल्या आढ्यापाशी थांबलं. तिथं मी एक छोटं वर्तुळ काढलं होतं. तुम्ही माझ्याकडं बघून हसलात. ते हसू बघून मला वाटलं, झालं, फिटलं सगळं.

तुम्ही गेलात आणि नकाशा मात्र वर्षानुवर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. शेवटी पुण्यात एका बैठकीत मदत करणारी माणसं भेटली. शिकलेली, सज्जन माणसं. त्यांतल्या एका बाईंनी त्या वर्तुळावर पेन्सिल टेकवली. "हे काय आहे?" झोळी म्हणायला माझं तोंड उघडलंच नाही, गुरुजी. लुगड्याचा तो कळकट रंग, मुताचा वास, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं आणि मी म्हणाले, "काही नाही, जुन्या नकाशातलं राहून गेलंय." घरी येऊन मी ते खोडलं. मग काय, हिशेब आपोआप जुळत गेला. लोंबतं ओझं नाही म्हणून आढं बारीक, आढं बारीक म्हणून वजन कमी, वजन कमी म्हणून सगळे खूश. वर मीच सगळ्यांना ऐकवायला लागले, की वर्गात बाळं असली की शिकणं होत नाही.

चौसाळ्याला हायवेवर माझ्या भावाचं वेल्डिंगचं दुकान आहे. हो, तोच, झोळीतला. सांगाड्याचे लोखंडी सांधे त्यानेच केले. काम संपत आलं तेव्हा म्हणाला, "ताई, कडी कुठं मारू?" मी म्हटलं, नको. "अगं मग म्या झोपलो असतो कुठं?" तो हसत होता. मी त्याच्यावर खेकसले, की तुला सांगितलंय तेवढं कर. आणि वर एक पाटी रंगवून घेतली, ठळक अक्षरांत: छताला काही अडकवू नये.

पहिला वर्ग आम्ही चकलांब्याच्या अलीकडं, टोळ्या उतरतात तिथं उभा केला. महिन्याभराने बघायला गेले. आत पोरं पाढे म्हणत होती, भिंती छान कोरड्या, मी हवेत. बाहेर रिकाम्या ट्रॉलीच्या खाली झोळी बांधून अकराएक वर्षांची एक पोरगी बसली होती. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, ही आत का नाही? त्या ओशाळल्या. "मॅडम, तिच्याकडं भाऊ असतो. आत झोळी बांधता येत नाही ना. तुमचीच पाटी आहे." मी पोरीजवळ गेले. "इथून ऐकू येतं का गं?" "येतंय की. फळा तेवढा दिसत न्हाई." तक्रार नव्हती त्यात, नुसतं सांगत होती. आणि मी, मी तिला काय म्हणाले असेन? म्हणाले, "बाळाला आईजवळ ठेवून येत जा." तिनं झोळीला एक झोका दिला. "आई फडात हाय," एवढंच बोलली. लहान पोराला समजवावं तसं.

मला ते माहीत नव्हतं का हो?

जाड आढं करून न्यायला मी दोन महिने लावले. आधी जुनं आढं ओझं पेलतं का ते तपासलं, मग कागद पाठवले, मग परवानगीची वाट बघितली. तुम्ही एका सकाळी दोरीनं बांधायचात ती गोष्ट. आम्ही पोचलो तोवर साखर कारखान्याचा हंगाम संपून टोळ्या घराकडं निघून गेल्या होत्या. चुली तेवढ्या काळ्या पडलेल्या. यंदा ती टोळी पुन्हा आली. वर्गात कडी आहे, तिला कुणाची तरी झोळी आहे, बाई शिकवता शिकवता दोरी ओढतात. त्या पोरीचा भाऊ आता चालतो, दारातल्या पायपुसण्याजवळ मातीत खेळत असतो. ती कुठं आहे विचारलं तर तिची आई म्हणाली, "आता कुठं येतीय शाळंत! हाताखाली आली की ती. मोळ्या बांधती झपाझपा." कौतुकानंच म्हणाली. मी फडापर्यंत गेले. पोरीनं मला ओळखलं, हसली, आणि पुढची मोळी आवळायला वाकली. तिचं ते एक वर्ष माझ्यामुळं बाहेर गेलं, गुरुजी. आणि एक गेलं की पुढची सगळी जातात, हे आपल्यापेक्षा कुणाला जास्त माहीत असणार.

हे पत्र कुठं टाकायचं हे काही मला ठाऊक नाही. घडी घालून नकाशांच्या खणात ठेवीन. पण एक राहिलंच. त्या दिवशी, कागदावरच्या वर्तुळावर बोट ठेवून तुम्ही हसलात ना, त्यानंतर हळूच विचारलं होतंत, "ती कडी हाय ना गं अजून?" मी तुमचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "हाय की, गुरुजी." तुम्ही डोळे मिटलेत, समाधानानं.

नव्हती. वसतिगृह सोडताना कुठंतरी टाकून आले होते.