ती पानं रोगट नव्हती

दादा,

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी तिने हॉलमधल्या कुंडीतल्या छत्रीच्या झाडाचं एकेक पान ओल्या फडक्याने पुसलं. म्हणाली, "दादाला फोटो पाठव गं, पिवळा रंग काय खुललाय!" मी लगेच पाठवला. तू तो अजून उघडलेला नाहीस. उघडला असतास, तर काल तीच पानं खुडून वर मला "घरात राहून झाडावरचा रोगही दिसत नाही का तुला?" असं सुनावलं नसतंस.

तो रोग नाही, त्या झाडाची जातच तशी आहे, हिरव्या पानांवर पिवळे डाग असलेली. उलट नुसती हिरवी फांदी फुटली की आई ती कापायची, नाहीतर हळूहळू सगळं झाड हिरवं होतं.

मी कामावर जातेय. झाड खिडकीपासून हलवू नकोस. येता-जाता पाणीही ओतू नकोस, मुळं कुजतील. वरची माती सुकली की मी घालीन.

आई तुझी चौकशी करायची तेव्हा "कामात असेल गं" असं मी दर वेळी सांगायचे. आज तुला स्पष्टच सांगते. तू कामात नव्हतास, तुला यायचंच नव्हतं. आणि आईला ते कळत होतं.